क्वार्टर सोडायचा दिवस
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर करून)



सचिव साहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. कोलरीत हजेरी बाबू म्हणून माझी नोकरी गेली, त्यामुळे वेळेच्या बाबतीत मी कडक आहे. दुसऱ्याच्या वेळेच्या बाबतीत तर जास्तच.

विषय दिला आहे, ‘आपले क्रिकेटवाले आणि त्यांचे पाहुणे’. आपल्या सोसायटीत क्रिकेटवाल्यांचं एक टोळकं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला ना नोंदणी, ना घटना, ना पावतीबुक. मॅच असली की सभागृहातला टीव्ही आमचा, आणि त्या दिवशी भजनी मंडळाच्या बायकांशी थोडी बाचाबाची ठरलेली. पण गेली काही वर्षं या टोळक्यानं एक बरं काम केलं. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, एखाद्या जुन्या खेळाडूला बोलावून त्याचं बोलणं ऐकायचं. कोणी रणजी खेळलेला, कोणी विद्यापीठाकडून खेळलेला, कोणी दोन-चार हंगाम राखीव खेळाडूंत बसलेला. आमच्या खिशाला परवडतील असे, म्हणजे जाण्या-येण्याचं भाडं, शाल-श्रीफळ आणि कोणाच्या तरी घरचं वांग्याचं भरीत-भाकर एवढ्यावर येणारे. त्यांची नावं मी आज घेत नाही. ते आपल्यात घरच्यासारखं बोलले, ते घरातच राहू द्यावं.

आता आपल्याकडे प्रश्नोत्तरं कशी होतात ते सांगतो. पाहुणा बोलून खाली बसला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘सर, तुम्ही धोनीला भेटले का?’ दुसरा, ‘सचिनला कधी बॉल टाकला का?’ तिसरा, ‘आयपीएलमध्ये सगळं खरं असते का हो?’ पाहुणा बिचारा हसतो, उत्तर देतो. त्यानं स्वतः दहा वर्षं ऊन-घाम काढला, त्याबद्दल कोणी विचारत नाही. पण एका वर्षी मागे बसलेल्या एका काकूंनी हात वर केला. त्या क्रिकेट बघत नाहीत. त्यांनी विचारलं, ‘भाऊ, खेळ सुटल्यावर तुम्ही घर कसं चालवलं?’

सभागृह शांत झालं. पाहुणेही क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘ताई, हे मला पहिल्यांदाच कोणी विचारलं.’ आणि त्यानंतर तासभर जे बोलले, ते खरं भाषण होतं. आज मी तुमच्यापुढे उभा आहे तो त्या काकूंच्या प्रश्नामुळे.

आपण राजूरची माणसं. इथं जमिनीखाली कोळसा आणि जमिनीवर चुन्याच्या भट्ट्या. आपल्याला एक गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही, ती म्हणजे क्वार्टर सोडायचा दिवस. नोकरी आहे तोवर क्वार्टर आहे, पाणी आहे, वीज आहे, दवाखाना आहे. साठ वर्षं पूर्ण झाली की हार घालतात, फोटो काढतात, आणि क्वार्टरची चावी द्यावी लागते. आपली सोसायटी जन्मली ती याच धास्तीतून. पीएफचे पैसे हाती येतील तेव्हा येतील, पण डोक्यावर छप्पर आधी पाहिजे, असं ज्यांना पंचवीस वर्षांपूर्वी सुचलं, त्यांच्यामुळे आज आपण इथं बसलो आहोत. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या.

आता विचार करा. आपल्याला साठाव्या वर्षी क्वार्टर सोडावं लागते. खेळाडूला पस्तिशीतच सोडावं लागते. कधी तिशीत, गुडघा गेला तर पंचविशीतसुद्धा. पोरं शाळेत, आई-बाप म्हातारे, आणि आतापर्यंतचा अख्खा जन्म एकाच कामात गेलेला. हार घालायला यायचं तर सोडाच, संघातून नाव कटलं हे त्याला बरेचदा पेपरातून कळते. आमचे एक पाहुणे म्हणाले होते, ‘तुमच्याकडे रिटायरमेंटची तारीख जन्मतारखेवरून ठरते. आमची तारीख दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात असते.’

क्रिकेट खेळून पोट भरायचं, ही गोष्ट आपल्या देशात नवीन आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू हे आपल्या नागपूरचे, जन्म १८९५ चा. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी पहिल्या कसोटीत नेतृत्व केलं. पण पोटापाण्यासाठी ते इंदूरला होळकर महाराजांच्या पदरी गेले. महाराजांच्या फौजेत त्यांना हुद्दा होता. म्हणजे खेळाडूला राजाचा आश्रय लागत होता. साठी उलटल्यावरही नायडू रणजीत उतरले, यावरून तब्येत केवढी असेल ते समजा.

नंतर राजे गेले. मग ज्याच्या अंगात हुन्नर होता तो इंग्लंडमधल्या लँकेशायर लीगमध्ये जायचा. तिथले क्लब एक पगारी खेळाडू ठेवत. त्याला ‘प्रो’ म्हणत. विनू मंकड हे हॅसलिंग्डन क्लबचे प्रो होते. १९५२ साली भारताचा संघ इंग्लंडला जाणार होता. मंकडांनी बोर्डाला विचारलं, माझी निवड नक्की असेल तर सांगा, नाहीतर मी क्लबशी करार करतो. बोर्डानं हमी दिली नाही, त्यांनी करार केला. पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्यावर ४ बाद अशी दैना झाली, आणि मग त्याच बोर्डाला क्लबकडे मंकडांना सोडा म्हणून जावं लागलं. मंकड आले आणि लॉर्ड्सवर ७२ आणि १८४ धावा काढल्या, शिवाय ७३ षटकं टाकून ५ बळी घेतले. सामना हरलो, पण आजही तो मंकडांची कसोटी म्हणूनच ओळखला जातो. रोजी कुठं मिळते याची चिंता करणाऱ्या माणसाला हावरट म्हणायची आपली सवय जुनी आहे. त्याला घर होतं, हे कोणी ध्यानात घेत नाही.

त्यानंतरचा काळ नोकरीचा. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये, एकाच वर्षी दोन्हीकडे मालिका जिंकून देणारे अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. सुनील गावस्कर निरलॉनमध्ये. बँका, रेल्वे, मुंबईच्या गिरण्या-कंपन्या खेळाडूंना नोकरीत घेत. खेळायची मुभा आणि महिन्याचा पगार. आणि १९८३ चा विश्वचषक जिंकला, तेव्हा बोर्डाकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये मिळाले. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ते म्हणतात, आबा, काहीही सांगता! पण खरं आहे.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. विदर्भाचा संघ रणजीत पहिल्यांदा उतरला तो १९५७-५८ च्या हंगामात. करंडक मिळायला तब्बल साठ वर्षं लागली. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला ९ गडी राखून हरवलं. फैज फजल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक. त्याआधी कोलकात्यात उपांत्य सामन्यात कर्नाटकला अवघ्या ५ धावांनी हरवलं होतं. त्या दिवशी आपल्या सभागृहात भजनाची वेळ टळली आणि एका शब्दानं कोणी बोललं नाही, हे मी इथं मुद्दाम नमूद करतो. रजनीश गुरबानीनं अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक केली. पोरांनो, हा गुरबानी सिव्हिल इंजिनीअर आहे. पदवी घेतलेला. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे. पुढच्याच हंगामात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून पुन्हा करंडक, आणि मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा.

रणजीत ‘प्रोफेशनल’ हा शब्द एका वेगळ्या अर्थानं चालतो. दुसऱ्या राज्यातून करारावर घेतलेला खेळाडू तो प्रोफेशनल. वसीम जाफर मुंबईचा, आपल्याकडे प्रोफेशनल म्हणून आला. एका हंगामात दुखापतीमुळे त्याला खेळता आलं नाही, पण काही पैसे आधीच मिळाले होते. म्हणून पुढच्या हंगामात तो मानधन न घेता खेळला. तोच हंगाम पहिल्या करंडकाचा. प्रोफेशनल म्हणजे फक्त पैशाचा, असं ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण गाठीला बांधावं.

आणि याच्या उलटी बाजू पाहा. २०२५ च्या अंतिम सामन्यात नागपूरच्या मैदानावर केरळकडून ७९ धावा काढणारा आदित्य सरवटे हा आपलाच. २०१९ च्या अंतिम सामन्यात आपल्याकडून ११ बळी घेणारा. तेव्हा प्रोफेशनल म्हणून केरळकडे गेलेला. आपल्या टोळक्यात तेव्हा दोन तट पडले. एक म्हणे, आपलं घर सोडून गेला. दुसरा म्हणे, आपली पोरं पुण्या-हैदराबादेत नोकरीला जातात तेव्हा आपण पेढे वाटतो, मग यानंच काय केलं? मला दुसऱ्याचं पटलं.

खाणीवाल्यांसाठी सगळ्यात जवळचं नाव उमेश यादवचं. वडील कोळसा खाणीत कामगार, राहणं खापरखेड्याजवळ वलनीला. वयाच्या विशीपर्यंत टेनिस बॉलवर खेळलेला पोरगा. पोलिसात भरती व्हायचं मनात होतं, ते थोडक्यात हुकलं. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी. ५७ कसोट्या, १७० बळी. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटीत त्यानं ४ षटकं टाकली, चारही निर्धाव, २ बळी. एकही धाव नाही! बापू नाडकर्णींनी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत लागोपाठ २१ निर्धाव षटकं टाकली होती, ती कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण टी-ट्वेंटीत, जिथं प्रत्येक चेंडूवर बॅट फिरते, तिथं शून्य! त्यानंच २०१९ च्या इराणी करंडकात शतक ठोकलं होतं.

ही नावं ऐकली की छाती फुगते. फुगलीच पाहिजे. पण आमच्या पाहुण्यांनी आम्हाला दुसरी एक यादी दाखवली. पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. रणजीच्या एका अंतिम सामन्यात १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. भारताकडून एकही कसोटी नाही, कारण त्यांच्याच काळात बिशनसिंग बेदी होते. अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा. भारताकडून एकही सामना नाही, कारण त्याच्याच काळात सचिन, द्रविड, लक्ष्मण होते. यात कोणाचा दोष? कोणाचाच नाही. जागाच अकरा आहेत.

हे दोघे तरी नावानं माहीत आहेत. त्यांच्या खाली किती असतील? आता पैशाचा हिशेब सांगतो, कारण मी हजेरी बाबू. २०२१ पासून देशांतर्गत सामन्यांचं मानधन वाढलं. चाळीसवर सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, नव्याला ४० हजार. ऐकायला मोठं वाटते, आहेही. पण हे मैदानात उतरलेल्याला, आणि सामन्यांच्या दिवसांपुरतं. जुन्या रणजीपटूंना बोर्ड निवृत्तिवेतन देते. २०२२ मध्ये ज्यांना १५ हजार होते त्यांचे ३० हजार झाले. पण त्यासाठी किमान २५ प्रथम श्रेणी सामन्यांची अट. आमचे एक पाहुणे या अटीच्या अलीकडचे निघाले. पाच-सात सामने कमी पडले. त्यांनी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, ‘तुमच्याकडे एका हजेरीनं काय फरक पडते ते तुम्हाला माहीत आहे.’ माहीत आहे, बाप्पा! एका हजेरीसाठी माझ्या खिडकीशी भांडलेली माणसं आज इथं पहिल्या रांगेत बसली आहेत.

मी हे घाबरवायला सांगत नाही. यामागं एक कारण आहे. आपल्याच ले-आउटमधला एक पोरगा. घर सांगणार नाही. दोन वर्षं लागोपाठ निवड चाचणीला गेला, दोन्ही वेळा यादीत नाव नाही. बारावीची परीक्षाही दिली नव्हती, कारण सराव होता. दुसऱ्यांदा नाव आलं नाही तेव्हा तो खोलीतून बाहेर येईना. वडील सेकंड पाळीला जायचे, आई दाराबाहेर ताट ठेवून बसायची. लोकांनी नाही नाही ते बोलून घेतलं. वेळ वाया घालवला, बापाचा पैसा उडवला.

त्या वर्षीच्या पाहुण्यांना आम्ही हे सांगितलं. ते कार्यक्रमाच्या आधी त्याच्या घरी गेले. मी सोबत होतो. मला वाटलं, आता हे धीर सोडू नको, मेहनत कर, यश मिळेल, असं सांगतील. तसं काही नाही. त्यांनी त्याला विचारलं, ‘तुझा बेस्ट बॉल कोणता?’ पोरगा गप्प. बऱ्याच वेळानं बोलला, ‘आत येणारा.’ मग दोघं त्या आत येणाऱ्या चेंडूवर अर्धा तास बोलले. मनगट कसं, शिवण कशी, वारा कुठून. निघताना ते म्हणाले, ‘हे जे तुला येते, ते यादीत नाव नाही म्हणून गेलं नाही. पण याच्यावर घर चालेल का, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्हींची गल्लत करू नको. बारावी दे.’

त्यानं बारावी दिली. आज वणीला कॉलेजात आहे. रोज सकाळी सहा वाजता आपल्या ओपन प्लॉटवर पंधरा-वीस लहान पोरा-पोरींना तो बॉल धरायला शिकवतो, फी घेत नाही. तो भारताकडून खेळणार नाही, कदाचित विदर्भाकडूनही नाही. पण परवा त्याच्या आईनं मला हळदी-कुंकवाच्या वाणातला लाडू दिला आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, आता तो जेवतो आमच्यासोबत.’ मला यापेक्षा मोठा करंडक माहीत नाही.

म्हणून या मंचावरून तीन गोष्टी मांडतो.

पहिली, पालकांना. पोराला-पोरीला खेळू द्या. उमेश यादवही कोण्या खाण कामगाराचाच मुलगा होता. आणि पोरींना मुद्दाम द्या, नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकाच्या संघात होती. पण पुस्तक बंद करू देऊ नका. गुरबानीची डिग्री त्याच्या हॅट्‌ट्रिकच्या आड आली नाही. ज्याला खेळ सुटल्यावरची वाट माहीत असते, तो खेळताना घाबरत नाही, असं आमचे पाहुणे सांगून गेले.

दुसरी, पोरांना. खेळात फक्त बॅट-बॉलवाले नसतात. पंच असतो, गुणलेखक असतो, खेळपट्टी करणारा असतो, फिजिओ असतो, प्रशिक्षक असतो. अमोल मुझुमदारला भारताची टोपी मिळाली नाही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. चंद्रकांत पंडित फक्त ५ कसोट्या खेळले, पण विदर्भाला दोन आणि मध्य प्रदेशला एक करंडक त्यांच्या हाताखाली मिळाला. क्वार्टर सुटलं म्हणजे गाव सुटलं असं नाही.

तिसरी, संचालक मंडळाला, आणि हात जोडून. ओपन प्लॉटवर वाहनतळाचं शेड घालायचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे. गाड्या वाढल्या, अडचण खरी आहे, पावसाळ्यात माझीही स्कूटर भिजते. पण शेड टाकायचंच असेल तर कुंपणालगत एका बाजूनं टाका. मधली बावीस यार्ड सोडा. सकाळचे दीड तास त्या पोराचे आणि त्याच्या पोरांचे राहू द्या. बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट. मी टेप लावून मोजलं आहे, बसते.

आणि शेवटी सर्व सभासदांना एक विनंती. यंदाही दिवाळीनंतर पाहुणे येणार आहेत. नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल. त्यांना धोनीबद्दल विचारा, हरकत नाही. पण त्यांच्याबद्दलही विचारा. पहिला सामना कुठं खेळले, बूट कोणी घेऊन दिले, शेवटच्या सामन्याला घरून कोण आलं होतं, आणि नंतर काय केलं. आपण खाणीची माणसं आहोत. कोण किती वर्षं खाली उतरला आणि वर आल्यावर त्याचं कसं झालं, ही विचारपूस आपल्याला जमते. तीच त्यांच्याशी करायची आहे.

माझी वीस मिनिटं संपली. पंगत मांडली आहे असं दिसते, कारण पोरं माझ्याकडे बघायची बंद झाली आहेत.